सिक्युरिटी प्लगिनने अख्खं रूपच बदललं, जुन्या सेटिंग्ज सापडत नाहीत, आता दुसरं काय वापरू?

चौदा_साइट्स

मंडळी, आधी थोडा राग काढून घेते, मग प्रश्न विचारते.

माझ्याकडे वर्डप्रेसच्या १४ साइट्स आहेत सांभाळायला. बऱ्याचशा छोट्या, दोन वूकॉमर्सची दुकानं, आणि एक सभासदांची साइट जिथे लोक रोज लॉगिन करतात. सगळीकडे गेली सहा-सात वर्षं एकच सिक्युरिटी प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम). नाव लिहीत नाही, लिहिलं की इथे त्यांच्या बाजूचे आणि विरुद्धचे असे दोन तट पडणार आणि माझा प्रश्न राहणार बाजूला. जुनं रूप दिसायला रटाळ होतं, एकाखाली एक चौकटी, बारीक अक्षरं, पण सगळं एका पानावर, काय चालू काय बंद ते खाली स्क्रोल केलं की दोन मिनिटांत कळायचं.

मागच्या आठवड्यात त्याचं मोठं व्हर्जन आलं आणि ऑटो अपडेट चालू होतं (हो माहितीये, त्यावरून मला बोलू नका, मी स्वतःला पुरेसं बोलून झालंय). सकाळी डॅशबोर्ड उघडला तर स्क्रीनभर एक पडदा, 'चला सुरुवात करूया', तुमची साइट कुठल्या प्रकारची, ब्लॉग की दुकान की पोर्टफोलिओ. अहो मी सात वर्षं वापरतेय, सुरुवात कसली करायची? आणि तो पडदा बंद करायला कुठे फुलीच नाही, म्हणून वैतागून काहीतरी निवडलं आणि पुढे गेले. तिथेच घात झाला. मी जे निवडलं त्यावरून त्याने आपणहून काही गोष्टी चालू केल्या. सभासदांच्या साइटवर सगळ्यांना टू-फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक कोड) सक्तीचं. म्हणजे ज्यांना पासवर्ड बदलायलाही मला फोन करावा लागतो त्या लोकांना लॉगिन केल्या केल्या 'ऑथेंटिकेटर अ‍ॅप उघडा'. दुपारपर्यंत माझा फोन खाली ठेवायला मिळाला नाही.

दुसरं त्याहून वाईट. आमच्या बहुतेक साइट्स क्लाउडफ्लेअरच्या मागे आहेत, म्हणजे येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्या सर्व्हरवरून येतो. व्हिजिटरचा खरा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) कुठून वाचायचा याची एक सेटिंग होती, मी कधीतरी हाताने नीट लावलेली, ती अपडेटमध्ये परत 'ऑटोमॅटिक' झाली. त्यामुळे प्लगिनला सगळे व्हिजिटर क्लाउडफ्लेअरच्याच आयपीवरून आलेले दिसायला लागले, कुठल्यातरी बॉटने चार-पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला, आणि प्लगिनने तो आयपी लॉक केला. म्हणजे त्याच वाटेने येणारं सगळं जगच लॉक केलं की! मीसुद्धा बाहेर.

बाकी किरकोळ तक्रारी आहेत. सेटिंग्ज आता पाच टॅबमध्ये विखुरल्यात, शोधायच्या चौकटीत शब्द टाकला की सेटिंगऐवजी मदतीचे लेख येतात. जुनी एक्सपोर्ट फाइल नवीन व्हर्जन घेतच नाही. वर एक मोठ्ठं गोल चक्र, 'तुमची सुरक्षा ६२ टक्के', आणि उरलेले टक्के कशात आहेत बघायला गेलं तर निम्मं पैसे भरून मिळणाऱ्या व्हर्जनमध्ये.

तर प्रश्न असा. मला लॉगिनवर मर्यादा, अ‍ॅडमिन लोकांना टू-फॅक्टर, फाइल बदलल्या तर कळवणं, एवढंच लागतं. सेटिंग्ज एका जागी दिसाव्यात आणि १४ ठिकाणी हाताने न भरता नेता याव्यात. तुम्ही कोण काय वापरता? 'अमुक बेस्ट आहे' एवढंच नको, का वापरता तेही लिहा.

---

कॅशे_साफ_कर

त्या ६२ टक्क्यांबद्दल एकच सांगतो. माझ्या एका टेस्ट साइटवर पासवर्ड मुद्दाम पोरकट ठेवलेला आहे, ती ८० च्या वर आहे. घ्या.

---

जुना_खेळाडू

ताई, पर्यायाचं नंतर बघू, आधी आग विझवा.

ज्या साइटमधून बाहेर पडलाय तिथे एफटीपीने किंवा होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून प्लगिन्सच्या फोल्डरमधल्या त्या प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदला, शेवटी नुसतं 'जुनं' जोडलं तरी चालतं. वर्डप्रेसला तो सापडत नाही, मग तो बंद होतो, सेटिंग्ज डेटाबेसमध्ये तशाच राहतात. पण ज्या प्लगिनांचं फायरवॉल (घातक रिक्वेस्ट अडवणारा भाग) वर्डप्रेसच्या आधी चालतं त्यांच्यात हे करताना जपून, त्यांची एक ओळ यूजर-आयएनआय किंवा एचटीअ‍ॅक्सेस या सेटिंग्जच्या फाइलमध्ये असते, अमुक फाइल प्रत्येक पानाआधी लोड कर अशी, ती तशीच राहिली आणि फाइल गायब झाली तर अख्खी साइट पांढरी पडते. आधी ती ओळ काढायची आणि मग फाइल. उलटं केलं की रात्र जाते (माझी गेलीये).

जुनं व्हर्जन परत हवं असेल तर वर्डप्रेसच्या डिरेक्टरीत त्या प्लगिनच्या पानावर अ‍ॅडव्हान्स्ड व्ह्यू म्हणून दुवा असतो, तिथे अगदी तळाशी मागची व्हर्जनं डाउनलोड करता येतात. डब्ल्यूपी रोलबॅक नावाचं प्लगिन हेच काम डॅशबोर्डमधून करतं. मात्र दोन गोष्टी बघा. एक, नवीन व्हर्जनच्या चेंजलॉगमध्ये (काय बदललं त्या यादीत) सिक्युरिटी फिक्स असं काही लिहिलंय का. असेल तर मागे जाणं म्हणजे माहीत असलेलं भोक परत उघडणं. दुसरं, मोठ्या व्हर्जनमध्ये डेटाबेसची टेबलं बदललेली असू शकतात आणि जुना कोड त्यावर अडखळतो, म्हणून आधी बॅकअप. आणि मागे गेलात तरी पंधरा दिवस, महिना, त्याहून जास्त तिथे मुक्काम करू नका.

---

सर्व्हर_वाली

चौदा_साइट्स, तुझा प्रश्न 'या प्लगिनऐवजी कुठलं प्लगिन' असा आहे. मी म्हणेन जरा थांब आणि आधी हे बघ की ते प्लगिन तुझ्यासाठी नक्की काय करत होतं, कारण ही सगळी पेटीबंद प्लगिनं म्हणजे सात-आठ वेगळ्या कामांची मोट असते आणि त्यातली निम्मी कामं दुसरीकडे जास्त चांगली होतात.

लॉगिन घे. प्लगिन चुकीचे पासवर्ड मोजतं आणि आयपी अडवतं, बरोबर, पण त्यासाठी प्रत्येक वेळी पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) चालू होतं, वर्डप्रेस लोड होतं, डेटाबेसला विचारतं आणि मग म्हणतं 'जा बाहेर'. बॉट तासाला हजारो वेळा आला तर अडवण्यातच सर्व्हर दमतो. तू आधीच क्लाउडफ्लेअरच्या मागे आहेस ना, मग फुकटच्या प्लॅनवरही पाच कस्टम रूल मिळतात, त्यातला एक लॉगिनच्या पत्त्यावर लाव, मॅनेज्ड चॅलेंज (माणूस की बॉट याची तपासणी), बॉट तुझ्या सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. डब्ल्यूपी-अ‍ॅडमिनचं अख्खं फोल्डर मात्र डोळे झाकून अडवू नकोस, अ‍ॅडमिन-एजॅक्स नावाची फाइल त्यातच असते आणि कित्येक थीम आणि प्लगिनं समोरच्या साध्या पानांवरूनही ती वापरतात. ती अडली की दुकानाचे फिल्टर वगैरे गप्प बंद पडतात आणि कोणाला कळत नाही का.

एक्सएमएल-आरपीसी घे, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामनी वर्डप्रेसशी बोलायची जुनी वाट. वर्डप्रेस ३.५ पासून, म्हणजे २०१२ च्या शेवटापासून, ते मुळातच चालू येतं आणि सेटिंग्जमधून बंद करायची सोय तेव्हाच काढून टाकली. त्यात मल्टिकॉल म्हणून प्रकार होता, एका रिक्वेस्टमध्ये शेकडो पासवर्ड वापरून बघता यायचे. ४.४ मध्ये ते बरंच आटोक्यात आणलं, एक चुकला की त्याच रिक्वेस्टमधले पुढचे सगळे आपोआप फेल. बरीच प्लगिनं 'एक्सएमएल-आरपीसी बंद' म्हणतात तेव्हा फक्त लॉगिन लागणारे प्रकार बंद करतात, पिंगबॅक (दुसऱ्या साइटने दुवा दिल्याची सूचना) चालूच राहतो. जेटपॅक प्लगिन वापरत नसशील तर सर्व्हरवरच किंवा क्लाउडफ्लेअरमध्ये ती फाइल अडव, विषय संपला.

फाइल बदलल्याचं कळवणं, यासाठी एसएसएच (सर्व्हरला थेट कमांड द्यायची सोय) असेल तर डब्ल्यूपी-सीएलआयची (कमांडने वर्डप्रेस सांभाळायचं साधन) व्हेरिफाय-चेकसम्स कमांड क्रॉनवर टाक, म्हणजे ती ठरल्या वेळी आपोआप चालेल. ती तुझ्या कोअर फाइल्स (खुद्द वर्डप्रेसच्या) वर्डप्रेसकडच्या मूळ फाइल्सशी ताडून बघते, आणि कोअरच्या फोल्डरमध्ये नसायला हवी अशी फाइल दिसली तर तीही सांगते. प्लगिनांसाठीही तशीच कमांड आहे, पण डिरेक्टरीतल्या प्लगिनांपुरती, विकत घेतलेली तिला ताडता येत नाहीत. अपलोड्सचं फोल्डर ती बघतच नाही आणि घाण नेमकी तिथेच येऊन बसते, म्हणून त्या फोल्डरमध्ये पीएचपी चालणंच सर्व्हरच्या कॉन्फिगमधून बंद करायचं.

डॅशबोर्डमधून थीम-प्लगिनच्या फाइल एडिट करणं बंद, ही डब्ल्यूपी-कॉन्फिगमधली एक ओळ आहे. त्यासाठी प्लगिन कशाला? आणि टेबलांचं प्रीफिक्स बदला, व्हर्जन नंबर लपवा, लॉगिनचा पत्ता बदला ही सगळी मनाची समजूत. लॉगिनचा पत्ता बदलला की लॉगमधला गोंगाट कमी होतो हे मान्य, पण ते कुलूप नाही, कुलपावर टाकलेला रुमाल आहे.

खऱ्या आयपीचं तुझं जे झालं ते प्लगिनच्या भरवशावर ठेवल्यामुळे झालं. ते सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्येच सोडव, एनजिन-एक्सला रिअल-आयपी मॉड्यूल आहे, अपाचीला मॉड-रिमोटआयपी, तिथे क्लाउडफ्लेअरच्या आयपी रेंज सांगायच्या आणि कनेक्टिंग-आयपी हेडर (रिक्वेस्टसोबत येणारी माहितीची ओळ) वाचायला लावायचं. मग वर कुठलंही प्लगिन येवो जावो, त्याला खराच आयपी दिसतो. आणि 'ऑटोमॅटिक' सेटिंगचा दुसरा धोका कोणी सांगत नाही. प्लगिनने कुठूनही आलेल्या फॉरवर्डेड-फॉर हेडरवर विश्वास ठेवला तर हल्ला करणारा दर वेळी त्यात नवा खोटा आयपी घालतो आणि तुझी मर्यादा त्याला कधीच लागत नाही. ते हेडर कोणीही लिहू शकतं.

---

फक्त_होस्टिंग

सर्व्हर_वाली, सगळं बरोबर आहे पण हे वाचून मला आमच्या शाळेतले गणिताचे सर आठवले, 'हे तर सोपंच आहे' म्हणायचे आणि फळा भरून टाकायचे. सगळ्यांकडे एसएसएच नसतो हो. माझ्याकडे शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट्स) आठ साइट्स आहेत, एनजिन-एक्सचं कॉन्फिग मी फक्त स्क्रीनशॉटमध्ये पाहिलंय, आणि दोन क्लायंट तर डोमेनची चावी हातात देत नाहीत म्हणजे क्लाउडफ्लेअरचाही प्रश्न मिटला. आमच्यासारख्यांना प्लगिनच लागतं.

मी वर्डफेन्सचं फुकटचं व्हर्जन वापरतो. का तर वर्डफेन्स सेंट्रल म्हणून त्यांचं फुकटचं पान आहे, तिथे सगळ्या साइट्स जोडता येतात आणि एक टेम्पलेट बनवून सगळीकडे लावता येतं, तुमच्या '१४ ठिकाणी हाताने नको' वाल्या मागणीला ते नेमकं बसतं. टू-फॅक्टर आहे, लॉगिन मर्यादा आहे, कोअर फाइल्स मूळ फाइल्सशी ताडून बघणारं स्कॅन आहे. तोटे पण सांगतो. फायरवॉलचे नवीन नियम आणि मालवेअरच्या सिग्नेचर्स (ओळखायच्या खुणा) फुकटवाल्यांना ३० दिवस उशिरा मिळतात. म्हणजे एखाद्या प्लगिनमधलं भोक जाहीर झालं तर तो महिना तुमचा तुम्ही, त्या प्लगिनचं अपडेट लगेच टाकणं हाच उपाय. स्कॅन शेअर्ड होस्टिंगवर जड जातं, कमी रिसोर्सेसची सेटिंग असते ती चालू करा. लाइव्ह ट्रॅफिकमध्ये सगळं नोंदवायला लावू नका, फक्त सिक्युरिटीपुरतं ठेवा, नाहीतर डेटाबेस फुगतो. सेटिंग्जचं पान लांबलचक आहे पण एकच आहे, आणि तुम्हाला तेच हवंय असं दिसतंय, हाहा.

सुकुरीचं फुकटचं प्लगिन कोणी सुचवेल, चांगलं आहे, पण त्यात फायरवॉल नाही हे लक्षात ठेवा, त्यांचं फायरवॉल ही वेगळी विकत घ्यायची सेवा आहे. प्लगिनमध्ये नोंदी, बाहेरून केलेलं स्कॅन आणि थोडं हार्डनिंग (कमकुवत जागा बंद करणं). बऱ्याच लोकांना वाटतं टाकलं म्हणजे झालं.

आणि ऑल-इन-वन सिक्युरिटी, त्याच्या सेटिंग्ज जुन्या पद्धतीच्या, चौकटी-चौकटींच्या, तुम्हाला घरी आल्यासारखं वाटेल. पण २०२३ मध्ये त्यांच्या ५.१.९ व्हर्जनमध्ये लॉगिन करणाऱ्यांचे पासवर्ड जसेच्या तसे डेटाबेसच्या लॉगमध्ये लिहिले जात होते, ते ५.२.० मध्ये दुरुस्त केलं आणि आधी नोंदवलेलेही पुसले. दुरुस्त झालं, खरंय, पण सिक्युरिटी प्लगिनने पासवर्ड लिहून ठेवावेत हे माझ्या डोक्यातून जात नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

---

सर्व्हर_वाली

मान्य, फळा जरा जास्तच भरला. शेअर्डवर असाल तर निंजाफायरवॉलही बघून ठेवा, ते वर्डप्रेस लोड व्हायच्या आधी चालतं म्हणून हलकं पडतं. पण मग जुना_खेळाडूने सांगितलेली ती यूजर-आयएनआयची ओळ त्यालाही लागू.

---

बटण_कारागीर

थोडं उलट्या बाजूने बोलतो, शिव्या खायची तयारी ठेवून. मी प्लगिनांचे स्क्रीन बनवणाऱ्या टीममध्ये काम केलंय (या प्लगिनच्या नाही). असं रूप का बदलतात माहितीये? सपोर्टला येणारी बहुतेक पत्रं नवीन माणसांची असतात. त्यांनी प्लगिन टाकलेलं असतं आणि साठ चौकटी बघून घाबरून एकही उघडलेली नसते. किंवा एक जण सगळ्याच चालू करतो आणि स्वतःलाच बाहेर काढतो. ४०४ ('सापडलं नाही' ही एरर) मोजून लॉक करायची चौकट तर हमखास, थीममधलं एखादं चित्र सापडत नसेल तर प्रत्येक पानावर एक ४०४, आणि पंधरा-वीस पानं बघणारा इमानदार माणूस लॉक. त्यामुळे 'तुमची साइट कुठल्या प्रकारची' हा प्रश्न त्या माणसासाठी खरंच बरा असतो. चौदा_साइट्ससारखे लोक मोजणीत कमी असतात, आणि खूश असताना ते कधी पत्र लिहीत नाहीत. त्यामुळे मीटिंगमध्ये त्यांच्या बाजूने बोलायला कोणी नसतं.

पण जुन्या वापरणाऱ्याच्या लावलेल्या सेटिंग्जना अपडेटमध्ये हात लावणं, ते मात्र मी कधीच मान्य केलं नसतं. रंग बदला, टॅब बदला, पडदा टाका, लोक चार दिवस ओरडतात आणि सवय होते. आयपी कुठून वाचायचा ही सेटिंग गुपचूप बदलणं म्हणजे रंगकाम करायला आलेल्या माणसाने कुलूप बदलून जाणं. हे त्यांना लिहून कळवा खरंच, रागाने नाही, आधी काय व्हॅल्यू होती आणि नंतर काय झाली एवढंच. 'नवीन रूप आवडलं नाही' अशी पत्रं ढिगाने येतात आणि बाजूला पडतात, 'अपडेटने ही व्हॅल्यू बदलली' हे बग म्हणून नोंदवावंच लागतं.

---

चौदा_साइट्स

बाप रे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. बटण_कारागीर, तुम्हाला शिव्या नाही, उलट तुमचं वाचून राग थोडा उतरला. पत्र लिहिलंय, व्हॅल्यूसकट.

आत्तापर्यंत काय केलं ते सांगते. सभासदांच्या साइटवरून ते प्लगिन काढलं, फोल्डरचं नाव बदलून नाही, आधी एचटीअ‍ॅक्सेस बघितली, त्यात त्याने टाकलेल्या चाळीसेक ओळी होत्या, त्या काढल्या आणि मग बंद केलं. लॉगिनच्या पत्त्यावर क्लाउडफ्लेअरचा रूल लावला. तो लावल्याच्या दुसऱ्या दिवशी लॉग बघितला तर चुकीच्या पासवर्डांच्या नोंदी जवळपास थांबल्यात. मी सात वर्षं त्या नोंदींचे ईमेल वाचत होते रोज सकाळी, आता जरा चुकल्यासारखं वाटतंय, खोटं कशाला बोलू.

टू-फॅक्टरसाठी 'टू-फॅक्टर' याच नावाचं छोटं प्लगिन टाकलं, वर्डप्रेसवर काम करणाऱ्याच लोकांचं आहे. ज्याला हवं तो आपल्या प्रोफाइलमध्ये जाऊन चालू करतो. सभासदांना कोणी विचारत नाही, आम्हा तिघी अ‍ॅडमिननी चालू केलं. सक्ती करायची सोय त्याच्या सेटिंग्जमध्ये सापडली नाही, सध्या सक्ती मीच आहे. बॅकअप कोड छापून ठेवले.

ज्या पाच साइट्सचं डोमेन माझ्या हातात नाही तिथे वर्डफेन्स आणि सेंट्रलचं टेम्पलेट, फक्त_होस्टिंग म्हणाले तसं. दोन झाल्यात, तीन बाकी. तीस दिवसांचं वाचून त्या साइट्सवरची न वापरलेली अकरा प्लगिनं उडवली, नुसती बंद पडून होती, त्यातलं एक तर डिरेक्टरीतूनच काढून टाकलेलं निघालं. बरं झालं.

दुकानांना अजून हात लावलेला नाही. तिथे गिऱ्हाईक 'माय अकाउंट'च्या पानावरून लॉगिन करतं, डब्ल्यूपी-लॉगिनवरून नाही, म्हणजे माझा रूल तिथे अर्धाच कामाचा. त्या पानावर पण चॅलेंज लावू की क्लाउडफ्लेअरच्या टर्नस्टाइलची, म्हणजे माणूस आहे का तपासणारी, चौकट फॉर्ममध्ये घालू?

---

सर्व्हर_वाली

टर्नस्टाइल, फॉर्ममध्ये. अख्ख्या पानावर चॅलेंज लावलंस तर ज्याला फक्त आपली ऑर्डर कुठवर आली बघायचंय तोसुद्धा त्यातून जाणार. रजिस्ट्रेशनच्या आणि पासवर्ड विसरलोच्या फॉर्मलाही लाव, लोक नेमकं ते विसरतात. चेकआउटच्या पानावर परत एक लॉगिनचा छोटा फॉर्म उघडतो तो पण बघ, तो चालू ठेवलायस का आधी ते तपास.

---

जुना_खेळाडू

आणि ताई, जुन्या प्लगिनची टेबलं डेटाबेसमध्ये पडून असतील, लॉगचं टेबल तर सगळ्यात मोठं. बऱ्याच प्लगिनांना 'काढताना सगळा डेटा पुसा' अशी चौकट असते आणि ती मुळात बंद असते. क्रॉनमध्येही त्याची कामं लटकलेली असतात, डब्ल्यूपी-क्रॉन्ट्रोल टाकून बघा. बॅकअप घेतल्याशिवाय टेबल उडवू नका.

---

चौदा_साइट्स

बघितलं आत्ताच. लॉगचं टेबल बाकी सगळ्या साइटपेक्षा मोठं आहे. बॅकअप चालू आहे, झाला की उडवते.